महाराजांच्या वहाणांची करकर

"हा जोड परत घे! पसंत नाही!"

राजा तुंदिलसेनाने वहाणा त्या शिवणाऱ्या येसूच्या पुढ्यात आपटल्या. वर्षातला हा सातवा जोड! पहिला परत आला, कारण तो घालून महाराज पोहायला उतरले आणि तो भिजला. तिसरा आला, कारण शिकारीत ससा मिळाला नाही. पाचवा कुत्र्याने अर्धा खाल्ला होता, आणि तक्रार काय? तर कुत्र्यालासुद्धा पूर्ण आवडला नाही!

हुकूमच तसा होता. गिऱ्हाइकाने 'पसंत नाही' म्हटलं की दुकानदाराने माल मुकाट परत घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला हवा तसा करून द्यायचा. हा हुकूम काढला राजाने, आणि वापरलाही एकट्या राजानेच. बाकी गावाची हिंमत कुठे होती!

"या वेळी काय झालं, महाराज?" येसूने विचारलं. तिचे आबा, रखमाजी, कोपऱ्यात हात जोडून उभे होते. आबांचे हात वहाणा शिवायला कमी आणि जोडायलाच जास्त लागायचे.

"चहाडी केली या वहाणांनी!" राजा ओरडला.

आता ही चहाडीची भानगड ऐका. सोनवडीत वहाणेच्या दोन तळांमध्ये बी घालून शिवायची पद्धत. जसं बी, तशी करकर. राजाने फर्मान सोडलं होतं की प्रत्येक घराची करकर वेगळी पाहिजे. कशासाठी? तर पाठलाग्यांसाठी! हे राजाने पोसलेले भाडोत्री लोक. दिवसभर कान टवकारून बसायचे आणि करकर ओळखून माणसाच्या मागे माल घेऊन धावायचे. म्हातारी वैद्याकडे वळली की, "काकू, काठी घ्या!" पोरगा पोरीच्या गल्लीत वळला की, "गजरा घ्या हो, गजरा!" आणि मग पोरीच्या बापाला, "दांडका घ्या!"

राजाच्या वहाणेत बहाव्याचं बी. ते दुसऱ्या कुणाला नाही. वैद्याने राजाचं गोड बंद केलं होतं. तरी काल दुपारी राणीसाहेब पोथी वाचत असताना महाराज हळूच भिकोबा हलवायाकडे निघाले. करकर, करकर! पाठलाग्यांनी थेट राणीच्या खिडकीखाली बोंब ठोकली, "महाराजांनी बावीस जिलब्या खाल्ल्या! ओव्याचा अर्क घ्या!"

राणीसाहेबांनी अर्क घेतला नाही. महाराजांना मात्र महिनाभर कारल्याचा रस लावला.

"मग करकर काढून टाकते," येसू म्हणाली.

"राजा काय मांजर आहे, आवाज न करता चालायला? करकर पाहिजे! खणखणीत पाहिजे! पण मी जिलबी खायला गेलो हे त्यावरून कुणालाही कळता कामा नये. आठ दिवस देतो. नाही जमलं तर दुकानाला टाळं, आणि तुम्ही बापलेक वेशीबाहेर!"

राजा गेला. लगेच गावचे पंच आले. पंच म्हणजे चार म्हातारे. काम एकच, खोकायचं आणि मान डोलवायची.

"पोरी, मोठ्यांचे पाय धर," पहिला खोकला.

"पायांपायीच तर हे सगळं झालंय, काका!"

"आमच्या काळी असं उलट बोलत नव्हते."

"म्हणूनच आमच्या काळी हे भोगावं लागतंय! आता सल्ला पुरे. वहाणा काढा."

"आं?"

"काढा वहाणा, आणि म्हणा, पसंत नाही!"

पंच घाबरले, पण पोरगी हातात चामडं कापायची रापी घेऊन उभी होती. चौघंही एका सुरात म्हणाले, "पसंत नाही!"

"कशा हव्यात?"

येसूनेच विचारलं, आणि उत्तरही तिनेच त्यांच्या कानात सांगितलं. पंचांचे खोकले जागच्या जागी थांबले. मग चौघं असे हसले की एकाची कवळी वहाणेत पडली.

आठ दिवस दुकानापुढे रांग लागली होती. बोटं सुजली, पण येसू थांबली नाही. आबांनीही शेवटी जोडलेले हात सोडवले आणि शिवायला आरी उचलली.

नवव्या दिवशी राजा नवा जोड घालून निघाला. करकर! पाठलागे उठले. तेवढ्यात नदीवरून करकर! कुंभारवाड्यातून करकर! सगळीकडे तीच, बहाव्याच्या बियांची! पाठलागे नुसत्या करकरीवर भिस्त ठेवून चहूकडे पांगले आणि एकेक जण धापा टाकत राणीच्या खिडकीखाली आला.

"महाराज नदीवर लुगडी धुतायत! रिठे घ्या!"

"महाराज गाढवं हाकतायत! चाबूक घ्या!"

"महाराज शेजारणीशी विहिरीवर भांडतायत!"

"महाराज जिलबी खातायत!"

"मेल्यांनो, भांग पिऊन आलात काय?" राणीसाहेबांनी कारल्याच्या रसाचा तांब्या चौघांच्या डोक्यावर रिकामा केला.

संध्याकाळी राजा दुकानात आला. मिशीला पाक लागलेला.

"माझं बी गावभर वाटलंस? कुणाच्या परवानगीने?"

"तुमच्याच हुकमाने, महाराज! सगळ्यांनी माल परत केला. म्हणाले, महाराजांसारखी करकर हवी. गिऱ्हाइकाला हवं तसं करून दिलं."

हरल्यावर मोठी माणसं जे करतात तेच राजाने केलं, जुन्या खोडीवर गेला. वहाणा उतरवून पुढे ढकलल्या. "अंगठा चावतो. परत घे!"

येसूने जोड उचलला, तळावर टिचकी मारली आणि कानाला लावला.

"घेते की! पण हा तुमचाच, कशावरून?"

"म्हणजे? मी राजा आहे!"

"तुम्ही आहात हो. वहाण नाही! करकर तर धोब्याची, कुंभाराची, पंचांचीही हीच. ओळखू येणारा जोड हवा असेल, तर आत्ता वेगळं बी घालून देते. पाठलाग्यांनाही ओळखू येईल. राणीसाहेबांनाही!"

राजाने एकदा वहाणांकडे पाहिलं, एकदा समोरच्या राजवाड्याच्या खिडकीकडे. त्याचं पोट आधी हललं, मग हसू आलं, आणि मग हसू काही थांबेना! त्याने त्याच जोडात पाय घातले. उद्यापासून वापरलेला माल परत करायचा नाही आणि पाठलाग्यांनी आपापल्या घरी बसायचं, असे दोन हुकूम त्याने तिथेच दिले. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून येसूच्या हातावर ठेवला.

येसूने कंठा उजेडात धरून उलटासुलटा पाहिला.

"महाराज, हुकूम उद्यापासून ना? मग आज पसंत नाही पडला, तर परत करता येईल?"

राजा पुन्हा असा हसला, की वहाणा करकरल्या आणि खिडकीतून राणीसाहेबांचा आवाज आला, "कोण आहे रे तिकडे?"

"धोबी!" महाराज ओरडले.