वस्तादांची डावी मूठ

“...पण मग दोन्हीत अवघड काय, वस्ताद? कुस्ती धरणं, का कुस्ती लावणं?”

हिंदुरावनं हे तिसऱ्यांदा विचारलं, तरी इलाही वस्ताद तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यातली लाल माती खोऱ्यानं वरखाली करतच राहिले. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, पण मातीचं खोरं दुसऱ्याच्या हातात द्यायला अजून तयार नव्हता. त्यांनी मातीवर ताक शिंपडलं, हळद टाकली, लिंबं पिळली. एक ढेकूळ उचलून बोटांनी कुस्करून बघितलं.



आता हा हिंदुराव मगदूम म्हणजे काही साधी असामी नव्हे बरं का. चौदा वर्षं त्यानं जत्रेची मैदानं गाजवली होती. हलगी कडाडली की गडी लंगोट आवळून मैदानात उडी घ्यायचा. समोरचा कोण आहे, केवढा आहे, हे बघायच्या भानगडीत तो कधी पडलाच नाही. “भ्या कशाला म्हणत्यात ते मला ठावं न्हाई,” असं चारचौघांत सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग गुडघ्यानं दगा दिला. लंगोट खुंटीला गेला.

वस्तादांनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. तालमीतल्या पैलवानांची मेहनत करून घ्यायची, खुराक बघायचा आणि मैदानात जोड लावायची, एवढं काम.

जोड लावायची म्हणजे दोन पैलवान समोर उभे करायचे. त्यांचे दंड, मांड्या, माना बघायच्या. दोघांची मनगटं हातात धरायची आणि तोलामोलाचे वाटले तर दोघांचे हात एकदम वर करायचे. हात वर गेले की कुस्ती ठरली. मग ती पैलवानाच्या बापालाही मोडता येत नाही.

हे बसल्या जागी करायचं म्हाताऱ्यांचं काम, असं हिंदुरावला वाटायचं. फेटा बांधून मिरवायचं आणि हात वर करायचे, त्यात काय एवढं?

असं त्याला गेल्या वर्षीच्या जत्रेपर्यंत वाटत होतं.

त्या जत्रेत त्यानं तालमीतल्या महिपतीचा हात वर केला. समोरचा पैलवान महिपतीपेक्षा चांगला वीतभर उंच होता. पण हिंदुरावच्या मनात आलं, ह्याला तर मी एका डावात लोळवला असता. आणि त्यानं हात वर केला.

मैदानात मात्र हिंदुराव नव्हता, महिपती होता. त्या पैलवानानं महिपतीला आडवा खांद्यावर उचलला आणि कलाजंग डाव टाकला. महिपती मानेवर पडला.

जीव वाचला, पण मान गेली. आता महिपतीला बाजूला बघायचं झालं तर अख्खं अंग वळवावं लागतं. रोज सकाळी तो येतो आणि तालमीच्या पायरीवर बसतो. कुणाला बोल लावत नाही, कुरकुरत नाही. आल्यागेल्याला रामराम घालतो.

हिंदुराव मागच्या दारानं आत येतो.

आज पुन्हा कुरणवाडीची जत्रा होती, आणि हिंदुराव पहाटेच तालमीत येऊन बसला होता. त्यानं वस्तादांना सगळं सांगून टाकलं. रात्री झोप लागत नाही. डोळा लागला की हाताखाली कुणाचं तरी मनगट येतं. आपण मातीतला माणूस, मागं बसून दुसऱ्याच्या लेकराला पुढं ढकलणं आपल्याला जमायचं नाही. म्हणाल तर गुडघा बांधून आज दोन कुस्त्या खेळतो, मोडला तर मोडू दे. पण तो फेटा काही डोक्यावर ठेवू नका.

वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं. हात धुतले.

“फेटा बांध,” ते म्हणाले. “उशीर हुतोय.”

कुरणवाडीचं मैदान दुपारी तीनलाच भरून गेलं. माणसं झाडांवर, ट्रॉल्यांवर, शाळेच्या कौलांवर चढून बसली होती. दोन-चार किरकोळ जोड्या लागल्या आणि मग तालमीचा युवराज पुढं आला. पोरगा जेमतेम वीस वर्षांचा. अंगावर माती फासलेली, चेहऱ्यावर हसू.

समोर दुसऱ्या तालमीचा बजरंग उभा राहिला. युवराजपेक्षा वजनानं जरा उजवा, खांद्यानं रुंद. आणि त्याचा हातखंडा डाव कलाजंग, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं.

“लावा, लावा,” लोक ओरडायला लागले.

हिंदुराव उठला. त्यानं दोघांची मनगटं धरली.

युवराजची नाडी एकदम संथ चालली होती. गडी मैदानात उभा होता, पण नाडी झोपलेल्या माणसाची होती. हा अगदी माझ्यासारखाच आहे, हिंदुरावला वाटलं. आणि एरवी ज्या गोष्टीनं छाती फुगली असती, तिनंच त्याला दरदरून घाम फुटला.

त्यानं वस्तादांकडे बघितलं. वस्ताद सतरंजीवर मांडी घालून बसले होते, तोंडावरची रेषही हलत नव्हती. डावा हात मांडीवर. कुस्ती ठरली की त्या हाताची मूठ मिटायची आणि कुस्ती संपेपर्यंत उघडायची नाही. त्या मुठीत पीरसाहेबाचा ताईत आहे, असं सगळी तालीम मानायची. हिंदुराव स्वतः प्रत्येक कुस्तीआधी त्या मुठीच्या पाया पडून मैदानात जायचा. वस्तादांना कसली चिंता, त्याच्या मनात आलं. त्यांच्याजवळ ताईत आहे.

तो युवराजकडे वळला.

“ह्यानं कलाजंग टाकली तर काय करशील?”

“टाकू तर दे त्याला,” युवराज हसत म्हणाला.

कधीकाळी हिंदुराव नेमकं हेच म्हणाला असता. त्यानं हात वर केले नाहीत. पुन्हा तेच विचारलं. युवराज पुन्हा हसला.

आता लोकांची हुर्यो सुरू झाली. कुणी शिट्ट्या मारल्या. मागून एकजण म्हणाला, हिंदुरावला म्हातारपण लागलं वाटतं, पोरांचे लाड चाललेत. चौदा वर्षांत ज्याच्या नावानं कधी शिट्टी वाजली नव्हती, तो माणूस मान खाली घालून उभा राहिला. मनगटं मात्र सोडली नाहीत.

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. हळू, फक्त युवराजला ऐकू जाईल असं.

“महिपतीला टाकली, तशी टाकली तर?”

युवराजचं हसू मावळलं. त्यानं बजरंगच्या खांद्यांकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

“...हनुवटी छातीला लावीन,” तो म्हणाला. “पाठीवर पडीन. पडीन, पर मानेवर न्हाई.”

आणि हिंदुरावच्या बोटांखाली नाडी धावायला लागली.

तेव्हा कुठं त्यानं दोघांचे हात वर केले.

हलगी वाजली. पूर्वी ती हिंदुरावच्या पायांत घुमायची, आज पोटात घुमत होती. तो वस्तादांशेजारी येऊन बसला खरा, पण बूड टेकत नव्हतं. सलामी झाली, एकमेकांचा अंदाज घेत खडाखडी झाली. युवराजनं दोनदा पट काढायला बघितलं. बजरंगनं दोन्ही वेळा पाय मागं घेतले.

पाच-सात मिनिटं अशीच गेली. मग बजरंग वाकला, युवराजच्या मांडीत हात घातला आणि त्याला आडवा खांद्यावर उचलला.

तोच डाव होता. अगदी तसाच.

हिंदुरावला ओरडायचं होतं, सोडवा म्हणून. पण हात त्यानंच वर केले होते, कुस्ती आता मोडता येत नव्हती. त्याला खांद्यावर युवराज दिसत नव्हता, महिपती दिसत होता. बजरंगनं गिरकी घेतली आणि धप्पदिशी आवाज झाला.

मैदानात एकच गलका उठला. पाठ लागली होती. युवराज हरला होता.

तो पडून राहिला...



मग युवराज उठून बसला. त्यानं अंगावरची माती झटकली, बजरंगच्या हातात हात दिला, आणि आपला सदरा कुठं टाकलाय ते शोधायला मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे वळवली.

हिंदुरावच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आपल्या तालमीचा गडी चितपट झाला होता आणि ह्याला साखर वाटावीशी वाटत होती. स्वतः खेळत असताना हा गडी एक कुस्ती हरला तर दोन दिवस जेवत नसे. ते आठवून त्याचं त्यालाच नवल वाटलं.

डोळे पुसायला त्यानं हात उचलला, तर उजव्या मुठीत माती. कधी आवळली होती देव जाणे. नखं तळव्यात रुतून रक्त आलं होतं.

“वस्ताद,” तो म्हणाला, “चौदा वर्षं खेळलो, पर एवढा कवाच दमलो न्हाई.”

वस्ताद मैदानाकडेच बघत होते.

“तुम्हाला बरं जमतंय असं निवांत बसायला. तुमच्या मुठीत ताईत हाय. मी कशाच्या जिवावर बसू?”

वस्तादांनी डावा हात पुढं केला. कुस्ती संपली तरी मूठ अजून मिटलेलीच होती. बोटं इतकी आखडली होती की एकेक बोट त्यांनी दुसऱ्या हातानं सरळ केलं.

आत ताईत नव्हता.

मातीचा गोळा होता, घामानं भिजून घट्ट झालेला. आणि त्याच्याखाली तळव्यावर एका ओळीत चार जुने वण होते, नखांचे, एकावर एक रुतून काळे पडलेले.

हिंदुराव त्या वणांकडे बघत राहिला. ज्या मुठीच्या पाया पडून तो चौदा वर्षं बेदरकार मैदानात उतरला, ती हीच. 

मैदानात पुढचे दोन पैलवान येऊन उभे राहिले होते. लोक पुन्हा ओरडायला लागले.

वस्तादांनी तो गोळा हिंदुरावच्या तळव्यावर ठेवला आणि आपल्या हातानं त्याची बोटं मिटवली.

“तुझं भ्या मी धरलं हुतं,” ते म्हणाले. “आता ह्यांचं तू धर.”