हिवरमाळचा पोयटा

'पोयटा' हा शब्द हल्ली कोणत्याही काळ्या मातीला लावतात. ते बरोबर नव्हे. पाण्याबरोबर वाहत येऊन तळाशी निवांत बसलेली, बोटांत चुरली असता कोठेही रेतीचा कण न लागणारी माती, तो पोयटा. हिवरमाळच्या तांबड्या, मुरमाड उतारावर आपल्याला जे काळसर पट्टे दिसत आहेत, ते त्याचेच. या जळाईच्या तळ्यातून तो तिकडे गेला.

असे सांगतात, की तळे बांधले तेव्हा गावाने तळ्याच्या देवीला, जळाईला, शब्द दिला होता: तुझ्या तळाला लोखंड लागणार नाही. त्यामुळे तळ्यात कधी कुदळ पडली नाही आणि गाळ साचत राहिला. वर माळावर मात्र नुसता मुरूम. पावसाचे पाणी त्यातून चाळणीतून जावे तसे निघून जाई आणि घातलेले खतही सोबत नेई. पावसाने जरा दडी मारली की बाजरी माना टाकी. अखेर गावाने ठरवले, की हाही हंगाम हातचा गेला तर नदीकाठी उठून जायचे.

देवीचा पुजारी हिरोजी गुरव तेवढा जाणार नव्हता. देवी जागची हलत नाही, तर तिचा गुरव कसा हलेल, असे तो म्हणे. गिरजाऊ ही त्याची सून. ती आईवेगळी वाढलेली. सासरी आली तेव्हापासून म्हातारा आपल्या पानातली दुधाची वाटी गुपचूप तिच्या पानाकडे सरकवीत असे. नवऱ्यामागून गाव सोडायचे आणि या माणसाला ओसाड माळावर एकटे ठेवायचे, हे तिला सोसवेना.

तिच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. तळ्यात डुंबून आलेल्या म्हशी माळावर जेथे अंग झाडीत, तेथले गवत सर्वांत शेवटी वाळत असे. एके दिवशी तिने सासऱ्यापुढे विषय काढला.

"मामंजी, म्हशी रोज पाठीवरून गाळ नेतात. देवी त्यांच्यावर कधी रागावली?"

"म्हशींना गावाचा शब्द ठाऊक नाही, पोरी."

"शब्द लोखंडाचा आहे ना? माझे हात कुठे लोखंडाचे आहेत?"

म्हातारा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. उन्हाळाभर गिरजाऊ हातांनी गाळ काढून पाटीने शेतावर नेत राहिली. पण तिच्याकडून चूक झाली. बायकांना अंगण सारवायची सवय. तिने पोयटा तसाच मुरमावर जाड थापला. पेरणीनंतर ऊन पडले, वर कडक पापडी धरली आणि कोंब आतच गुदमरले. पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, "गुरवाच्या सुनेने शेत सारवलं. आता रांगोळी तेवढी राहिली."

तिने ती पापडी फोडली. शेणखत घालून पोयटा नांगराने मुरमात पार मिसळला आणि पुन्हा पेरले. शेताची एक कड मात्र पोयट्यावाचून अजून उघडी होती, आणि तिचे हात सोलून निघाले होते. तेव्हा हिरोजीने देवीला फुले लावली, उजवीकडचे फूल पडले, देवीने कौल दिला, आणि उरलेला गाळ दोघांनी मिळून काढला, असे सांगतात. पुढे श्रावणात पाऊस उघडला. सगळा माळ करपला; गिरजाऊची बाजरी तेवढी ओल धरून उभी राहिली आणि कणसांत भरली. लोक बांधावर येऊन माती मुठीत दाबून पाहत. गाव उठून गेले नाही.

आजही उन्हाळ्यात पाणी आटले की हिवरमाळला प्रथम म्हशी तळ्यात सोडतात. मागून घरोघरची माणसे उतरतात, हातांनी पोयटा काढतात आणि खताबरोबर मुरमात मिसळतात. तळ्याला अजून लोखंड लागलेले नाही.

मात्र कौलाची गोष्ट खरी नव्हे. कथा सांगणाऱ्यांना गुरवाच्या हातून घडलेल्या कृतीला देवीची अनुमती हवीशी वाटते, म्हणून ते फूल पाडतात. आमच्या गुरव घराण्यात चालत आलेली हकीकत इतकीच, की त्या सकाळी हिरोजीने देवीला काहीही विचारले नाही. सुनेचे हात पाहिले, धोतर वर खोचले आणि तो तिच्याआधी तळ्यात उतरला.