सोनतळची थोरली राणी

“...मग टिळा मला का नाही?”

विचारणारी होती चंदलादेवी, सोनतळ गडाची थोरली राणी.

तिचा नवरा नुकताच लढाईत पडला होता. तो मोहिमांवर असताना गडाचा कारभार वर्षानुवर्षं तिनेच पाहिला होता. आता सरदार म्हणत होते, गादी धाकट्या राणीच्या, पद्मलेच्या तान्ह्या मुलाची. आणि कारभार पद्मलेच्या वडिलांचा.

चंदलेला मूल नव्हतं. पण गडावरचे पहारेकरी तिच्या शब्दाबाहेर नव्हते.

टेकडीवरच्या मठातल्या आऊ ज्याला टिळा लावतील तो राजा, अशी त्या मुलखाची रीत. म्हणून ती साध्या लुगड्यात, एकटीच वर आली होती. टिळा मिळाला नाही तर गडाचे दरवाजे लावून घेईन आणि लढेन, हेही तिने सांगून टाकलं.

म्हाताऱ्या आऊंनी सगळं ऐकून घेतलं.

“मी नदीवर जाऊन येते,” त्या म्हणाल्या. “कुणी आलं तर ऐकून घे.”

“आणि माझं उत्तर?”

आऊ पायऱ्या उतरूही लागल्या होत्या...

चंदला रागाने तिथेच बसून राहिली.

थोड्या वेळाने दोन गावांची माणसं भांडतच वर आली. पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती. आऊ नाहीत म्हटल्यावर ती चंदलेलाच सांगू लागली. तिने विचारलं, बांध नेमका कुठे फुटलाय. बोलता बोलता ठरलं, की वरच्या गावाने दगड द्यायचे, खालच्याने बांध घालायचा आणि पाणी पाळीने घ्यायचं.

ती माणसं जाताहेत तोच सासर सोडून आलेली एक मुलगी दारात उभी राहिली. तिला बोलतं करायलाच बराच वेळ गेला. शेवटी चंदलेने तिच्या भावाला बोलावणं धाडलं आणि तिला त्याच्याबरोबर माहेरी पाठवलं.

जेवायचं राहिलंय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

उन्हं कलल्यावर आऊ परत आल्या. चंदलेच्या चेहऱ्यावर हसू होतं. असा दिवस कित्येक महिन्यांत गेला नव्हता, ती म्हणाली.

“तू कोण, ते सांगितलंस त्यांना?”

“नाही.”

“का गं?”

“कुणी विचारलं नाही. आणि मलाही आठवलं नाही.”

आऊंनी कुंकवाची वाटी तिच्यापुढे धरली. टिळा कुणाला लावू, ते तूच सांग, म्हणाल्या.

तिने वाटी हलकेच आऊंकडे परत सरकवली.

“पद्मलेच्या मुलाला.”

टिळ्याच्या दिवशी सगळे सरदार मठात जमले. पद्मला एरवी कधी चारचौघांत बोलत नसे. त्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, कारभार अक्कांनीच बघावा, माझ्या बाळाला त्यांच्या मांडीवर बसू दे. ती आपल्याच वडिलांना भीत होती, हे चंदलेला तेव्हा कळलं. पोटच्या मुलीनेच चारचौघांत नाकारल्यावर वडिलांनी माघार घेतली. एकही तलवार उपसली गेली नाही.

सोहळा आटोपला. बाळ पेंगुळलं, तसं चंदलेने त्याला पद्मलेकडे दिलं आणि ती आऊंच्या पाया पडली.

“तो राजा झाला, पद्मला राजमाता झाली. मग आऊ, मी कोण?”

आऊंनी दाराकडे पाहिलं.

“बाहेर कुणीतरी आलंय. जा, काय म्हणतात ते ऐक.”