राणीच्या दाईची खुर्ची

विषय : राणीसमोर दाईला बसू देण्याबाबत.
संदर्भ : राणी लुडोविका यांचा अर्ज.

हकीकत अशी की, जर्मनीतल्या वाल्डेनश्टाइन नावाच्या चिमुकल्या राज्यात लुडोविका राणी होऊन आली, ती लहानपणापासून सांभाळणाऱ्या उर्सेल दाईला सोबत घेऊनच. उर्सेलचे गुडघे पार गेलेले. पण राणीसमोर बसण्याचा मान फक्त खानदानी लोकांचा. हा रिवाज सांभाळायला फॉन क्निप नावाचे कारभारी होते.

"उभं राहणं जमत नसेल, तर म्हातारीला परत धाडावं," ते म्हणाले. राणीने रिवाजांच्या समितीकडे अर्ज केला.

पुढे मेजवानीत सरदार जेवायला बसले आणि उर्सेल राणीमागे भिंतीला टेकून उभी राहिली.

"क्निपसाहेब, अर्जाचं काय झालं?"

"समिती विचार करते आहे, राणीसाहेब. रिवाज घाईनं बदलत नाहीत."

राणी उठून उभी राहिली. ती उभी असताना कुणी बसायचे नाही, हाही रिवाजच. सगळे सरदार गळ्यातल्या रुमालांसकट उठले. सूप निवू लागले. क्निपांच्या पायाच्या सुजलेल्या अंगठ्यातून कळा येऊ लागल्या.

"राणीसाहेब, बसावं ना!"

"मी कधी बसायचं, याचा काही रिवाज आहे?"

"छे छे! ती आपली मर्जी."

"मग समितीचा विचार होऊ दे. मला घाई नाही."

क्निपांनी स्वतःची खुर्ची उचलून उर्सेलपुढे ठेवली.

"पण साहेब, मंजुरी?"

"आधी बस गं बाई!"

उर्सेल बसली, मग राणी बसली, मग सरदार बसले.

सदर अर्ज समितीकडे अद्याप प्रलंबित आहे.