धरणाचं गाणं

“यातलं कोणतं ठेवू, गुरुजी?”

वैजयंतानं खोक्यातली पुस्तकं चटईवर मांडली. शेजारी फोन ठेवला. गाणी त्यात होती.

रसूल गुरुजी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. दर्ग्याच्या मागं त्यांची एक खोली, खोलीपुढं लिंबाची सावली. शाळा सोडून बरीच वर्षं झाली, तरी तालुक्यातले शिक्षक अडलं की इथंच यायचे. वैजयंता तर त्यांच्याच हाताखाली पाटीवर ‘ग’ गिरवून मोठी झालेली.

“सगळी तूच निवडलीस?”

“हो. चौथीच्या परिसर अभ्यासासाठी. पुस्तकं आणि गाणी. तालुक्यातल्या सगळ्या शाळांत आता हाच संच जाणार आहे.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“तुम्ही एकदा बरं म्हणावं म्हणून.”

गुरुजी हसले. शाबासकी पदरात पाडून घ्यायला आलेली ही काही त्यांची पहिलीच शिष्या नव्हती.

त्यांनी हात पुसून वरचंच पुस्तक उचललं. धरणाचं होतं. पानभर निळंशार पाणी, कडेला उसाचे मळे, आकाशात बगळे.

गुरुजींनी त्या निळ्यावर तळवा ठेवला.

“इथं खाली काय आहे?”

“पाणी आहे, गुरुजी.”

“पाण्याच्या खाली.”

वैजयंतानं वाकून पाहिलं. “ते… चित्रात दाखवलेलं नाही.”

“बरं.” त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. “गाणं लाव.”

तिची कळी खुलली. गाणं म्हणजे तिच्या संचाचा मुकुट. तिनं स्वतः चाल लावली होती, वर्गाकडून बसवून घेतलं होतं, शाळेच्या ओट्यावर चित्रीकरणही केलं होतं. फोन तिनं गुरुजींच्या समोर धरला. मुलं टाळ्यांच्या ठेक्यावर गाऊ लागली…

*भरलं धरण, वाहिला पाट,*
*हिरवी झाली गावाची वाट…*

गुरुजींनी दोन्ही कानांत बोटं घातली.

वैजयंता चमकली. “आवाज फार होतोय का? कमी करू?”

गुरुजींनी मान हलवली. बोटं तशीच. डोळे मात्र फोनवर खिळलेले.

गाणं संपलं.

“गुरुजी, तुम्ही ऐकलंच नाही!”

“पाहिलं ना.”

“गाणं पाहतात का कुणी?”

“निवडायचं असेल तर पाहावं लागतं. पुन्हा लाव. आता तुझे कान बंद कर.”

तिला राग आला होता. तरी सवयीनं तिनं ऐकलं. फोन मांडीवर ठेवला, कानांत बोटं घातली.

ठेका गेला. चाल गेली. राहिली नुसती तोंडं, उघडणारी, मिटणारी, हसणारी.

आणि एक मिटलेलं.

मागच्या ओळीत, कडेच्या मुलीचं. सगळी मुलं टाळ्या वाजवत होती, तीही वाजवत होती. ओठ मात्र दाराला आतून कडी घालावी तसे.

वैजयंतानं बोटं काढली. “ही तनुजा. लाजाळू आहे जरा.”

“लाजाळू पोर ओठ तरी हलवतं. कुठली?”

“नव्या वसाहतीतली. धरणात गाव गेलं ना, त्या लोकांची वस्ती…”

बोलता बोलता ती थांबली.

लिंबावरून पानं गळत होती. गुरुजी पुन्हा शेंगा सोलू लागले.

“कोणतं ठेवू, गुरुजी?” या वेळी तिचा आवाज खाली आला होता.

“मला काय विचारतेस? मी तिच्या वर्गात नाही.”

*

दुसऱ्या दिवशी वैजयंतानं भर वर्गात विचारलं, “तनुजा, तू धरणाचं गाणं का म्हणत नाहीस गं?”

सगळ्या माना मागं वळल्या. तनुजानं मान खाली घातली ती शाळा सुटेपर्यंत वर काढली नाही.

संध्याकाळी वैजयंता वसाहतीत गेली. सरळ रेषेत आखलेली घरं, पत्र्याची छपरं, दारांवर रंगवलेले आकडे. तनुजाची आई, शालन, ओट्यावर कांदे निवडत होती. बाईंना पाहून ती धडपडत उठली.

“काय केलं का पोरीनं?”

“काही नाही केलं. मीच तिला चारचौघांत नको ते विचारलं.”

वैजयंता तिच्याशेजारी बसली. तिनं गाण्याचं सांगितलं. शालन ऐकत राहिली. हातातला कांदा तिनं ना चांगल्यात टाकला, ना नासक्यात.

“पाण्याला नावं नाही ठेवत आम्ही, बाई,” ती म्हणाली. “पाणी कुणाला नको असतं? पण घरात आमचं गाणं निराळं आहे.”

“म्हणता का?”

शालननं पदर सारखा केला. इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात, जणू शेजारणीला चोरून सांगावं तसं…

*पाण्याच्या गं खाली दार, कडी वाजवावी कुणी।*
*माझ्या माहेराची वाट, जाणे मासोळी शहाणी॥*

वैजयंताची नजर उंबऱ्याकडे गेली. तनुजा तिथं बसली होती. आवाज नव्हता, पण तिचे ओठ हलत होते.

“हे कुठलं गाणं?”

“कुठलं कशाचं! मीच जुळवलं. माहेर त्याच गावात, सासरही त्याच गावात. दोन्ही एकदमच बुडाली.”

मग वैजयंतानं विचारलं, “हे शाळेत म्हटलं तर चालेल?”

“मला काय विचारता?” शालन म्हणाली. “तिला विचारा.”

वैजयंता उठून उंबऱ्यापाशी गेली. खाली बसली. या वेळी तिनं हळू विचारलं.

*

तनुजानं ओवी म्हटली. उभी राहून, भिंतीकडे तोंड करून, पण म्हटली.

वर्ग गप्प झाला. वैजयंताला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात विश्वजित उठला. त्याच्या घरचा ऊस पाटाच्या पाण्यावर होता.

“म्हणजे आमचं गाणं खोटं का, बाई?”

“खोटं नाही रे…”

“मग तिचं खोटं?”

“तसं नाही…”

“त्यांना बदल्यात जमीन मिळाली की! माझे आबा सांगतात.”

तनुजा भिंतीकडून वळली.

“वाट मिळाली का?”

वर्षभरात वर्गात तिनं आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

मग एकच गलका झाला. कुणी म्हणालं, पाणी नसतं तर आम्ही काय खाल्लं असतं? कुणी म्हणालं, पण त्यांचं देऊळ बुडालं. कुणी म्हणालं, खोटं, देऊळ वर आणून बांधलंय. एक मुलगी रडायला लागली, का ते तिलाच कळेना. घंटा झाली तरी कुणी बाहेर जाईना. वैजयंतानं टेबलावर हात आपटून सांगितलं, “बास! कुठलं खरं ते मी सोमवारी सांगीन.”

प्रश्न मुलांबरोबर घरी गेले. रात्रीच्या जेवणात, पारावर, दूध घालायच्या रांगेत धरणाचीच बोलणी सुरू झाली. ती संच ठरवणाऱ्या समितीपर्यंतही पोचली. तिथल्या एका साहेबांचा फोन आला. “मॅडम, तुमचं पहिलं गाणं छान होतं. एका धड्याला एक गाणं. उगाच मुलांच्या डोक्यात घोळ नको. त्या ओवीचा हट्ट धरलात तर संच दुसऱ्याकडे द्यावा लागेल.”

*

रविवारी सकाळीच ती दर्ग्यामागं हजर झाली. खोकं आणलं नव्हतं.

गुरुजी अंगणात पाणी शिंपत होते. तिनं सगळं सांगितलं. ओवीचं, भांडणाचं, फोनचं.

“संच हातचा जाईल, गुरुजी.”

“जाईल.”

“त्याचं मी बघून घेईन. दोन्ही गाणी नसतील तर माझं नाव त्या संचावर नको, असं कळवते त्यांना.” तिनं गुरुजींकडे पाहिलं. “पण मुलांना काय सांगू? एक गाणं म्हणतं, पाणी आलं आणि वाट हिरवी झाली. दुसरं म्हणतं, पाणी आलं आणि वाटच गेली. खरं कुठलं?”

गुरुजींनी तांब्या खाली ठेवला.

“पोरं आत्ता काय करतायत?”

“आज सुट्टी आहे. विश्वजित आणि बाकीची सकाळीच वसाहतीत गेलीत म्हणे. शालनताईंना विचारायला, पाण्याखाली आणखी काय काय आहे ते.”

“आणि तनुजा?”

“तिला विश्वजितची बहीण पाट दाखवायला घेऊन गेलीय. उसात पाणी कसं सोडतात ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.”

“आणि तू?”

“मी… मी उत्तर घ्यायला आले. सोमवारी सांगीन म्हटलंय ना त्यांना.”

गुरुजी सावकाश वाकले. दारात तिनं काढून ठेवलेल्या चपला त्यांनी उचलल्या. वैजयंता घाबरून पुढं झाली. “गुरुजी, अहो, हे काय करताय! चपला माझ्या…”

त्यांनी त्या फिरवल्या. तोंडं रस्त्याकडे करून तिच्या पायांपुढं ठेवल्या.

“जा,” गुरुजी म्हणाले. “तास चालू आहे तिकडे.”