सातवीच्या वर्गाचं छत

सातवीच्या वर्गात छताचा गिलावा कोसळला आणि रेवतीचा एक डोळा गेला. छताच्या दुरुस्तीसाठी मुख्याध्यापिका हेमलता घोरपडे यांनी संस्थेला पाच पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नाही. चौकशीला मात्र अध्यक्ष विश्वासराव स्वतः आले.

"बाई, शाळा चालवणं जमत नसेल तर खुर्ची सोडा," सगळ्या शिक्षकांसमोर ते गरजले. "छत मजबूत आहे. उद्यापासून वर्ग इथेच भरवा."

"भरवते. तेवढं लेखी द्या," असं म्हणत बाईंनी खुर्ची आणून रेवतीच्या जागेवर ठेवली. "बसा ना, साहेब."

वर गंजक्या गजांना उरलेला गिलावा लोंबत होता. विश्वासरावांनी वर पाहिलं आणि ते दाराकडे सरकले. "ऑफिसात बसून लिहितो."

"साहेब, जिथे तुम्ही पाच मिनिटं बसत नाही, तिथे मी चाळीस मुलं पाच तास कशी बसवू?"

खोली बंद करण्याचा आदेश विश्वासरावांनी उभ्याउभ्याच लिहिला.

कुलूप बाईंनी स्वतः लावलं. "पहिल्या पत्राच्या दिवशीच मी हे लावायला हवं होतं," त्या शिक्षकांना म्हणाल्या आणि रेवतीला भेटायला दवाखान्याकडे निघाल्या.