गुरुजींची पाळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या पणज्यांचे दुधाचे दातही तेव्हा पडायचे होते. नीट बसा, मधेच उठलात तर मी पुन्हा सांगणार नाही.

नदीकाठी पिंपळबारी नावाचं गाव होतं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाचं पाणी घराघराला पाळीनं. मोठी माणसं शेतात दारं धरायची, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायची, आणि ज्या घराची पाळी त्या घराचं पोर दिवसभर पाटावर राखणीला उभं. वरच्या अंगाला कुणी पाट फोडून पाणी पळवलं, की वर्षाचा गहू गेला. मग शाळेत कोण येणार, सांगा.

शाळेला उखर्डू गुरुजी होते. गावातच जन्मलेले, बाहेर शिकून परत आलेले. एकदा शाळा तपासायला साहेब आले, त्यांना तेव्हा दिपोटी म्हणत. शाळेच्या छपरात बोटांवर मोजण्याइतकी पोरं. दिपोटी म्हणाले, "संक्रांतीनंतर येतो. छप्पर असंच रिकामं दिसलं, तर शाळा उचलून पलीकडच्या गावाला देतो."

गुरुजी दारोदार हिंडले. पाटाच्या पार शेवटाला धोंडाबाईचं शेत होतं. बाई फटकळ, पण मनात एक आणि तोंडात एक असं तिचं नव्हतं.

"गुरुजी, पोरगी शाळेत बसली तर पाण्यावर कोण उभं राहील? तुम्ही?"

"राहतो," गुरुजी म्हणाले.

आणि खरंच राहिले. रोज ज्याची पाळी त्याच्या पाटावर गुरुजी, आणि काठावर गावची सगळी पोरं. ओल्या गाळावर काडीनं अक्षरं काढायची. पाणी पुढच्या शेताला गेलं की शाळाही पुढे सरकायची. असं म्हणतात, त्या पाण्यानं कुणा पोराचं अक्षर कधी पुसलं नाही. आईबाप दारं धरता धरता ऐकायचे. पण एकटा माणूस साऱ्या गावाची पोरं सांभाळतोय, त्याच्या जोडीला उभं राहावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. मला अजून राग येतो त्याचा.

पौषात धोंडाबाईची पाळी होती, आणि पाट फुटला. गुरुजी भगदाडाला पाठ लावून बसले. मोठी पोरं गावाकडे पळाली. उरलेल्यांना गुरुजी म्हणाले, "पाढे म्हणत राहा. थांबू नका."

असं म्हणतात, पोरांचा आवाज चालू होता तोवर पाणी भिंतीसारखं जागच्या जागी उभं राहिलं. माणसं मातीच्या टोपल्या घेऊन पोचली, तेव्हा पोरांचे घसे बसले होते आणि पाढे चालूच होते. गहू वाचला. गुरुजी मात्र गारठले ते गारठलेच. तापानं धरलं आणि संक्रांत काही त्यांनी पाहिली नाही.

त्यांना पोचवून आल्यावर गाव पारावर बसलं. कुणाला कुणाकडे बघवेना. मग पाणी वाटून देणारा पाटकरी उठला. "आजपासून पाण्याची पाळी ज्या घराची, शाळेची पाळीही त्याच घराची. एक मोठं माणूस पाटावर, एक शाळेत. पोर पाटावर दिसलं, तर त्या घराचं पाणी बंद."

बोलल्याप्रमाणे दिपोटी आले. छप्पर भरलेलं, मागे आईबाप उभे, आणि पुढे धोंडाबाई. तिला एक अक्षर येत नव्हतं, पण पोरांकडून पाढे म्हणवून घेत होती.

"गुरुजी कुठे आहेत?"

धोंडाबाईनं पाटाकडे बोट केलं. "पाण्यावर. त्यांनी आमची पाळी घेतली साहेब, आता त्यांची आम्ही घेतलीय."

दिपोटींनी डोक्यावरची टोपी काढली, असं म्हणतात. शाळा गावातच राहिली आणि नवे गुरुजी आले.

पिंपळबारीत आजही पहिलं पाणी सोडण्याआधी पोरं त्या फुटलेल्या जागी पाढे म्हणतात, आणि ते संपेपर्यंत पाटकरी पाटाच्या तोंडाची फळी उचलत नाही. पाळीच्या घरचं कुणीतरी रोज शाळेत येऊन मागच्या भिंतीला टेकून बसतं, कधी पायाला गाळ तसाच असतो. हजेरीत पहिलं नाव उखर्डू गुरुजींचं पुकारतात. जे कुणी पाळीला आलेलं असतं, ते उठून उभं राहतं आणि म्हणतं, "हजर."